पोट्ट्यांची अभ्यासिका की म्हाताऱ्यांचा क्लब?

आमच्या आवास योजनेच्या बिल्डिंगीत हॉल एकच अन् मागण्या दोन. अभ्यासिकेला टेबल-खुर्च्या, ट्यूबलाइट, कूलर एवढा खर्च येतो पण गरज खरी आहे ना, ईडब्ल्यूएसचं (आर्थिक दुर्बल गटाचं) घर म्हणजे साधारण ३० चौरस मीटर, त्यात टीव्ही चालू असला की दहावीचं पोट्टं पुस्तक घेऊन जिन्यात बसते, मी रोज ओलांडून जातो त्याला.

म्हाताऱ्यांच्या क्लबला सतरंजी पुरते, महिन्यातून एकदा बीपी-शुगर तपासली की झालं. पण नागपूरचा मे महिना, पारा ४५ च्या आसपास, कट्टा तव्यासारखा, दुपारी बिचारे जातील कुठे?

माझं मत अभ्यासिकेलाच, पण संध्याकाळी. दुपार म्हाताऱ्यांची, कूलर तोच. त्यात पाणी कोणी भरायचं यावरून भांडण मात्र आत्ताच सुरू झालंय.