एकट्याने घाट ओलांडणाऱ्या सायकलस्वाराने कोणते उपकरण घ्यावे?

पुण्याहून पहाटे एकट्याने निघून ताम्हिणी घाटमार्गे माणगाव गाठायचे असेल, तर सोबत कोणते उपकरण असावे हे त्याच्या किमतीपेक्षा वाटेवरील मोबाइलच्या रेंजवर अधिक अवलंबून असते. मुळशीच्या पुढे ती रेंज तुटक होते. जीपीएस उपग्रहांचे संकेत केवळ ऐकते, त्यामुळे आपण कोठे आहोत हे उपकरणाला रेंज नसतानाही कळते. ते घरी कळवायचे झाले की मात्र मोबाइलचे जाळे लागते. खरेदीपूर्वी हा फरक नीट समजून घ्यावा.

फोनवरील सोय सर्वांत स्वस्त आहे. व्हॉट्सॲपवरून चालू ठिकाण जास्तीत जास्त ८ तास पाठवता येते, तर स्ट्राव्हा या सायकलस्वारांच्या ॲपमधील बीकन या सोयीतून तिघांना आपली वाटचाल दिसते. मागील श्रावणात घरच्यांच्या नकाशावर माझा ठिपका डोंगरवाडीजवळ तब्बल दीड तास थबकलेला दिसत होता. मी घाट सुखरूप उतरत होतो आणि घरचे मात्र हवालदिल झाले होते. तेव्हापासून कोणत्या टप्प्यात ठिपका थांबेल, पुढचा फोन किती वाजता येईल आणि तो न आल्यास ११२ वर कधी कळवायचे, हे मी निघण्यापूर्वी घरी लिहून देतो.

गार्मिन एजसारखा सायकल कॉम्प्युटर, म्हणजे हँडलवर लावायचे जीपीएस यंत्र, पडल्याचा धक्का ओळखतो आणि ठरावीक सेकंदांत आपण तो इशारा रद्द केला नाही, तर नातलगांना संदेश पाठवतो. बेशुद्ध पडलेल्या माणसासाठी ही सोय फार मोलाची आहे. तथापि तो संदेश जोडलेल्या फोनमार्फतच जातो, म्हणून रेंज नसलेल्या वळणावर हे महाग यंत्रही फोनइतकेच हतबल ठरते.

एअरटॅगला, म्हणजे वस्तू शोधण्यासाठीच्या ॲपलच्या छोट्या चकतीला, एकट्या प्रवासातील सुरक्षेचे साधन समजणे मला धोक्याचे वाटते. त्यात जीपीएस नसते. जवळून जाणाऱ्या ॲपलच्या उपकरणांच्या आधारे त्याचे ठिकाण कळते. सोसायटीच्या वाहनतळावरून चोरीला गेलेली सायकल शोधताना त्याचा उपयोग होऊ शकेल, निर्जन घाटात होणार नाही. सिमकार्डाचा ट्रॅकरही मुख्यतः चोरीसाठीच घ्यावा, आणि तो केवळ टू-जीवर चालणारा असेल तर त्यात जिओचे सिम चालत नाही, हे आधी पाहावे.

रेंजची अडचण खऱ्या अर्थाने उपग्रह संदेशक, म्हणजे मोबाइलच्या जाळ्याशिवाय थेट उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे उपकरण, सोडवतो, परंतु भारतात परवान्याशिवाय तो बाळगता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर असे उपकरण सामानात आढळल्याने एका परदेशी धावपटू महिलेला कारवाईला सामोरे जावे लागले होते. त्यामुळे परदेशी सायकलस्वारांची शिफारस वाचून ते मागवू नये.

आतापर्यंतची सर्व साधने अपघातानंतरची आहेत. मागून येणारे वाहन सुमारे १४० मीटरवरून ओळखणारा गार्मिनचा व्हेरिया रडार अपघात टाळण्यास मदत करतो. सरळ मोकळ्या रस्त्यावर तो उत्तम, पण शहरातल्या गर्दीत सतत इशारे देतो आणि वळणाआडचे वाहन त्याला दिसत नाही. त्याच्या किमतीचा विचार करता मी आधी दोन स्वतंत्र लाल दिवे आणि परावर्तक जाकीट घेईन. ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत, रात्री दिवे आणि जाकीट सक्तीचे असतात, ते उगीच नाही. एका दिव्याची बॅटरी संपली तरी दुसरा चालू राहतो. सह्याद्रीच्या पावसासाठी दिवा पाण्यापासून बचावाच्या आयपीएक्स-७ दर्जाचा असावा; आयपीएक्स-४ हा दर्जा केवळ शिंतोड्यांपुरता असतो.

एवढे झाल्यावर पैसे उरले, तर घाटात वारंवार जाणाऱ्याने सायकल कॉम्प्युटर आणि महामार्गावर अधिक फिरणाऱ्याने रडार घ्यावा. दोघांनीही जर्सीच्या मागच्या खिशात नाव, रक्तगट आणि घरचा क्रमांक लिहिलेली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी ठेवावी, कारण फोन फुटला तरी १०८ बोलावणाऱ्या गावकऱ्याला ती वाचता येते.