दोन रात्री, एकच बजेट: कोल्हापुरातून मुंबईचं ताज की हैदराबादचं फलकनुमा?

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असो, आईवडिलांची साठी असो नाहीतर ऊसबिल आणि बोनस एकदमच हातात आलेला असो, आपल्याकडं हल्ली बऱ्याच घरांत हा प्रश्न येतो की गोव्याला दरवर्षी जातोच, यावेळी एकदाच पण थाटात, जुन्या राजेशाही इमारतीत राहून येऊ, आणि मग नावं दोनच उरतात. मुंबईत गेटवेसमोरचं ताज महाल पॅलेस आणि हैदराबादचं ताज फलकनुमा पॅलेस. राजस्थानातली हॉटेलं भारीच आहेत, पण कोल्हापुरातून जायचं-यायचं म्हणजे दोन दिवस प्रवासातच जातात, त्यामुळं दोन रात्रींच्या ट्रिपसाठी मी ती धरतच नाही.

माझं मत आधीच सांगतो. तुम्हाला शहर बघायचंय आणि रात्री चांगल्या ठिकाणी उतरायचंय, तर ताज. तुम्हाला इमारतीतच राहायचंय, बाहेर पडायचंच नाही, तर फलकनुमा. लोक इथंच उलटं करतात, फलकनुमा बुक करतात आणि दिवसभर रामोजी, गोवळकोंडा, शॉपिंग करत गावभर हिंडतात, मग रात्री दमून येऊन झोपायला एवढे पैसे कशाला घालवायचे सांगा.

आता इमारतींचं बघू, कारण पैसे आपण त्याचेच देतोय.

ताज मुळातच हॉटेल म्हणून बांधलं, तिथं कुठला राजा राहात नव्हता. जमशेटजी टाटांनी ते उभं केलं, १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं, म्हणजे गेटवे ऑफ इंडियापेक्षा जुनं, गेटवे पूर्ण झाला १९२४ ला. आणि मला ज्याचा फार अभिमान वाटतो ती गोष्ट म्हणजे याचे मूळ आर्किटेक्ट आपले मराठी सीताराम खंडेराव वैद्य, सोबत डी. एन. मिर्झा. वैद्य काम चालू असतानाच गेले, पुढचं चेंबर्स नावाच्या इंग्रज इंजिनियरनं पुरं केलं. ती 'हॉटेल उलटं बांधलं गेलं म्हणून आर्किटेक्टनं जीव दिला' वाली गोष्ट तुम्हाला कुणीतरी टॅक्सीवाला नक्की सांगणार, पण ती खरी नाही, पूर्वी दरवाजा शहराच्या बाजूनं होता, जिथं आता स्विमिंग पूल आहे तिकडून, एवढंच. पहिल्या महायुद्धात तर तिथं ६०० खाटांचं हॉस्पिटल केलेलं.

२६ नोव्हेंबर २००८ ला काय झालं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. घुमटाशेजारून निघणारा धूर अजून डोळ्यासमोरून जात नाही. त्यानंतर नव्या उंच टॉवरची बाजू महिन्याभरातच चालू झाली पण जुनी पॅलेस विंग दुरुस्त करायला वेळ लागला, ती १५ ऑगस्ट २०१० ला परत उघडली. आत गेलात की त्या वेळी गेलेल्यांच्या नावांच्या स्मारकापाशी दोन मिनिटं थांबाच. तिथल्या स्टाफनं स्वतःचा जीव धोक्यात घालून गेस्ट लोकांना बाहेर काढलं होतं, हे माहीत असलं की मग तिथला साधा वेटरसुद्धा वेगळा दिसतो, मला तर दिसतो.

फलकनुमाचं उलट. तो खरा महाल. निजामाच्या दरबारातल्या पायगा या सरदार घराण्यातले नवाब विकार-उल-उमरा, हैदराबादचे पंतप्रधान, त्यांनी ३ मार्च १८८४ ला पाया घातला. आपला कोल्हापूरचा न्यू पॅलेस १८७७ ला सुरू होऊन १८८४ लाच पुरा झाला, म्हणजे इकडं इंग्रज आर्किटेक्ट मेजर मँटच्या काळ्या दगडाच्या राजवाड्याचं काम संपलं आणि तिकडं इटालियन संगमरवराचा हा महाल सुरू झाला. खर्च इतका झाला की नवाबसाहेब कर्जात गेले असं सांगतात, शेवटी १८९७ च्या सुमारास तो सहाव्या निजामाकडं गेला. पुढं पाहुण्यांसाठी वापर झाला आणि नंतर कित्येक वर्षं कुलूपच. निजाम घराण्यातल्या प्रिन्सेस एसरांनी जातीनं लक्ष घालून, जवळजवळ दहा वर्षं काम करून घेतलं, फर्निचर, झुंबरं, पडदे, भिंतीवरची नक्षी सगळं, आणि नोव्हेंबर २०१० ला तिथं हॉटेल सुरू झालं. योगायोग बघा, दोन्ही वास्तू एकाच वर्षी नव्यानं उघडल्या.

जेवणाचं एकच टेबल आहे तिथं १०१ माणसांचं. एका ओळीत. दरबार हॉल, लाकडी छताची लायब्ररी, संगमरवरी जिना, आणि हे सगळं नुसतं दोरीच्या पलीकडून बघायचं नाही तर राहणाऱ्या लोकांना संध्याकाळी सोबत माणूस देऊन फिरवून दाखवतात. ती फेरी चुकवू नका, त्यासाठी पहिल्या दिवशी दुपारीच पोचा. गेटपासून वर टेकडीवर घोड्याच्या बग्गीतून नेतात, दारात गुलाबाच्या पाकळ्या टाकतात, आईवडिलांना घेऊन गेलात तर त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. एकूण ६० खोल्या, आवार ३२ एकर, त्यामुळं गर्दी अशी वाटतच नाही. ताजमध्ये पाचशेच्या वर खोल्या आहेत, लग्नं, मीटिंगा, परदेशी ग्रुप, लॉबी कायम भरलेली. कुणाला ती वर्दळच आवडते, मला स्वतःला आवडते, पण शांतता हवी असेल तर ती तिथं मिळणार नाही.

रूम बुक करताना ताजमध्ये एक गोष्ट नीट बघा, ही सगळ्यात महत्त्वाची. हॉटेल एकच पण बाजू दोन. जुनी पॅलेस विंग आणि १९७३ सालची उंच टॉवर विंग. टॉवर स्वस्त पडतो, वरच्या मजल्यावरून समुद्र झकास दिसतो, पण ती आधुनिक खोली आहे, जुनी कमान-व्हरांडा-लाकूड काही नाही. हेरिटेजसाठी जाताय आणि बुकिंग टॉवरचं झालंय असं होऊ देऊ नका, कन्फर्मेशनवर पॅलेस विंग असं लिहिलेलं बघूनच पैसे भरा. समुद्राकडची हवी असेल तर तेही वेगळं सांगावं लागतं, नाहीतर शहराची नाहीतर पूलची बाजू मिळते. फलकनुमामध्ये असली भानगड नाही, पण तिथंही राहायच्या खोल्या दरबारी इमारतीच्या मागच्या भागात आहेत, म्हणजे १०१ च्या टेबलाशेजारी झोपायला मिळेल असं डोक्यात ठेवू नका. खोली छानच असते, खरी मजा मात्र बाहेरच्या गच्चीवर आणि दालनांत.

पैशाचं. भाव रोज बदलतात म्हणून आकडा सांगत नाही, सीझनला दोन्हीकडं खिसा चांगलाच हलका होतो आणि फलकनुमा सहसा वरचढ जातं. पण हिशोब करताना लोक टॅक्स विसरतात, रूमचा रोजचा भाव ७,५०० च्या वर गेला की १८ टक्के जीएसटी, आणि अशा हॉटेलातल्या जेवणावरही १८ टक्के. दोन माणसांचं दोन दिवसांचं जेवण आतच होणार असेल तर ती रक्कम आधीच बाजूला काढा. इथंच ताज परवडतं, कारण खाली उतरलं की कुलाबा आहे, मागच्या गल्लीत बडेमियाँचे कबाब, पुढं लिओपोल्ड, बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानियाचा बेरी पुलाव (तो दुपारीच), पोटभर खाऊन या आणि नाश्ता तेवढा हॉटेलात करा. फलकनुमा टेकडीवर आहे, दरवेळी गाडी काढून खाली जावं लागतं, मग माणूस आतच जेवतो. तिथलं अदा नावाचं रेस्टॉरंट हैदराबादी जेवणाचं आहे, बिर्याणी, पत्थर का गोश्त, शेवटी खुबानी का मीठा. आपल्या तांबड्या रश्श्याची सवय असलेल्यांना सांगून ठेवतो, तिखटाचा जाळ तिथं नाही, आंबटपणा आणि खडा मसाला जास्त, पण मटण शिजवण्यात ते लोक आपल्याला हार जात नाहीत, हे कोल्हापूरकर असून मान्य करतो.

प्रवासात मुंबई सोपी. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसला बसायचं, सकाळी सीएसएमटी, तिथून टॅक्सीनं थोड्या वेळात ताज. चेक-इन दुपारी असतं, त्यामुळं सामान डेस्कला ठेवा आणि सरळ गेटवेवरून घारापुरीची लाँच पकडा, सोमवारी लेणी बंद असतात आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँचही बंद, एवढं ध्यानात ठेवा. गाडीनं गेलात तर पौणेचारशे किलोमीटर, हायवेची कामं बघता ट्रेनच बरी. हैदराबाद गाडीनं साडेपाचशेच्या आसपास, सोलापूरमार्गे, म्हणजे सगळा दिवस गेला. उजळाईवाडीवरून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरून, थेट विमान मिळालं तर मात्र खेळच बदलतो, कारण शमशाबादचं विमानतळ शहराच्या दक्षिणेला आणि फलकनुमाही दक्षिणेलाच, हायटेक सिटीच्या ट्रॅफिकमध्ये शिरावंच लागत नाही. म्हणून आधी विमानाचे वार बघा, मग हॉटेलची तारीख ठरवा, उलटं नको. आणि शुक्रवार टाळा, सालारजंग म्युझियम आणि चौमहल्ला पॅलेस दोन्ही शुक्रवारी बंद. चौमहल्ला आणि चारमिनार एका सकाळीत होतात, निमराहमध्ये इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किट, बायकांना लाड बाजारात बांगड्या, की परत वर टेकडीवर.

आईवडील सोबत असतील, गुडघ्यांचा त्रास असेल, आणि मुंबईत नातेवाईकांना भेटायचं असेल तर ताजच. नवराबायको दोघंच असाल, शाळेच्या सुट्टीचं बंधन नसेल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत फलकनुमा, एप्रिल-मेमध्ये अजिबात नको, हैदराबादचं ऊन तुम्हाला गच्चीवर बसूच देणार नाही.

हे लिहिताना एक गोष्ट मनात खुपत राहते. रंकाळ्याच्या काठावर शालिनी पॅलेस उभा आहे, १९३१ ते ३४ मध्ये बांधलेला, १९८७ पासून तिथं हॉटेल होतं. पाणी, हिरवळ, बेल्जियम काचा, काय नाही तिथं. फलकनुमासारखं दहा वर्षं मन लावून काम कुणीतरी तिथं केलं असतं तर आज हैदराबादचे लोक अशीच तुलना करत बसले असते की कोल्हापूरला जायचं का अजून कुठं. अंबाबाई, पन्हाळा, कुस्तीची तालीम, चप्पल, रस्सा, सगळं पाच-पंचवीस किलोमीटरात. मला मनापासून वाटतं की हे व्हायला पाहिजे.

आणि राहायचं बजेट जमत नसेल तरी दोन्हीकडं नुसतं बसून येता येतं. ताजमध्ये सी लाउंजला दुपारचा चहा, खिडकीचं टेबल पाहिजे असं बुकिंग करतानाच सांगा. फलकनुमात जेड रूमचा हाय टी, तिथं बुकिंगशिवाय खालच्या गेटवरूनच परत पाठवतात, त्यामुळं आठवडाभर आधी फोन करा आणि कपड्यांचा नियम काय तो विचारून घ्या.