वरची बसली, खालची अजून बसतेय : पूर्ण कवळीचा काही महिन्यांचा अनुभव

वरची आणि खालची अशी पूर्ण कवळी वापरायला लागून आता बरेच महिने झाले. पहिल्या आठवड्यात कोणी मत विचारलं असतं, तर मी ती तोंडातून काढून त्याच्याच हातात ठेवली असती. आता तसं नाही. पण दोन्हींना मिळून एकच मत देता येत नाही, कारण एका जोडीत मिळाल्या तरी या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

वरच्या कवळीला अख्ख्या टाळूचा आधार असतो. टाळू आणि कवळी यांच्यात लाळेचा पातळ थर राहतो, कडा सगळीकडून नीट टेकलेल्या असतात, हवा आत शिरत नाही आणि ती धरून राहते. मला तर कधी कधी ती आहे याचा विसर पडतो. खालची असते नालेच्या आकाराची. टेकायला जागा थोडी, आणि मधोमध जीभ, जी दिवसभर हलतच असते. म्हणून वरची छान बसली आणि खालची उचलली जातेय, असं झालं तर लगेच डॉक्टरांना दोष देऊ नका. सगळ्यांचीच खालची त्रास देते.

बनवताना एकदा माप दिलं की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. आधी कच्चं माप, मग त्यावरून आपल्यापुरता खास ट्रे, म्हणजे माप घ्यायचा साचा, मग त्या ट्रेमध्ये पक्कं माप. पक्क्या मापाच्या वेळी ओठ पुढे काढा, तोंड मोठं उघडा, जीभ बाहेर काढा असं सगळं करवून घेतात. कवळीच्या कडा कुठवर न्यायच्या ते त्यातून ठरतं. हे घाईत उरकणारा डॉक्टर असेल तर पुढे त्रास ठरलेला. त्यानंतर मेणाच्या पट्ट्या तोंडात घालून जबडा किती मिटायचा ते ठरवतात आणि शेवटी मेणात दात लावून ट्रायल घेतात.

या ट्रायलला वेळ काढून जा. मेणातला दात हलवता येतो. एकदा अ‍ॅक्रिलिकमध्ये, म्हणजे कवळीच्या कडक प्लास्टिकमध्ये, पक्का झाला की संपलं. मी आरसा खिडकीशी नेला, बोलून पाहिलं, हसून पाहिलं. दात इतके एका ओळीत होते की लांबूनही खोटे कळले असते. पुढचा एक दात किंचित तिरका करा म्हटलं. डॉक्टरांनी मेण जरा गरम करून तो तिथल्या तिथे वळवला. जुन्या ओळखीच्या लोकांनाही आज ते दात माझेच वाटतात.

सुरुवातीला तोंडात काहीतरी कोंबल्यासारखं वाटतं आणि लाळ थांबत नाही, कारण तोंडाला ते अन्नच वाटतं. हे काही दिवसांत आपोआप ओसरतं. मागच्या कडेमुळे उमासे येतात, तेही कमी होतात. नाही झाले तर कड थोडी घासून घ्यावी लागते. उच्चारांचं मात्र काम करावं लागतं. स आणि श शिट्टी मारतात, ‘चमचा’, ‘जागा’, ‘झाड’ म्हणताना जीभ दातांच्या मागे अडखळते. रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचणं हा एकच उपाय मला लागू पडला.

जखमा होतात. माझी खालच्या हिरडीवर, जिभेच्या बाजूला झाली. टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका, पण पाणी पितानाही डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांनी कवळीच्या आतून पांढरी पेस्ट लावली, ती बसवून दाबली आणि काढून दाखवली. जिथे जास्त दाब होता तिथली पेस्ट सरकून खालचा गुलाबी रंग उघडा पडला होता. तेवढीच जागा घासली आणि त्या रात्री मी नीट जेवले. तपासणीला जाण्याआधी काही तास कवळी घालून ठेवा, दुखलं तरी. नाहीतर जखम मिटते आणि जागा सापडत नाही. घरी कानस घेऊन बसणाऱ्यांना हात जोडून सांगते, नका करू. एका बाजूचं घासलं की दुसरीकडची पकडही जाते.

खाण्याबद्दल खोटी आशा दाखवत नाही. आपल्या दातांचा जो जोर होता, त्याचा चौथा-पाचवा हिस्सा उरतो. पुढच्या दातांनी तोडायला गेलं की मागची बाजू उचलली जाते. म्हणून लहान तुकडे करायचे आणि घास दोन्हीकडे वाटून चावायचा. चिकट पदार्थ मी सोडून दिले. बारीक बी खाली अडकली तर उठून चूळ भरण्याला पर्याय नाही. टाळू झाकलेला असल्यामुळे चहा किती गरम आहे ते उशिरा कळतं, तेव्हा पहिला घोट जपून.

स्वच्छतेचं थोडक्यात. खाऊन झालं की पाण्याखाली धरायची. दिवसातून एकदा मऊ ब्रश आणि साध्या द्रव साबणाने घासायची. टूथपेस्टमधल्या खरखरीत कणांनी ओरखडे पडतात आणि त्यात घाण बसते. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा, ओली कवळी हातातून सटकतेच. गरम पाण्याने ती वाकते. रात्री काढून पाण्यात ठेवायची, हिरड्या आणि जीभही पुसायची. रात्रंदिवस घालून ठेवली तर खाली कँडिडा नावाची बुरशी वाढते आणि टाळू लाल होतो. सफाईच्या गोळ्या चांगल्या, पण नंतर कवळी खळखळून धुवायची आणि मगच तोंडात.

चिकटवायची क्रीम मी फक्त बाहेर जेवायचं असेल तेव्हा, तीही थोडीच, खालच्या कवळीला लावते. जस्त नसलेली घ्या. जस्ताची क्रीम वर्षानुवर्षं भरमसाट वापरल्याने शरीरातलं तांबं कमी होऊन मज्जातंतूंवर परिणाम झाल्याची उदाहरणं आहेत. आणि रोज क्रीमशिवाय चालतच नसेल तर कवळी सैल झालीय, हे समजा.

सैल ती होणारच. दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त, आणि खालचं वरच्यापेक्षा कितीतरी अधिक. मग आतून नवा थर देऊन घेतात, त्याला रिलाइनिंग म्हणतात. माझ्या खालच्या कवळीचं आता तेच करायचं आहे. त्याच वेळी डॉक्टरांना इम्प्लांटबद्दलही, म्हणजे कवळीला धरून ठेवायला जबड्याच्या हाडात बसवतात त्या स्क्रूबद्दल, विचारणार आहे. 2002 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीने, खाली एकही दात नसेल तर दोन इम्प्लांटवर बसणारी कवळी हाच पहिला पर्याय असावा, असं मत दिलं होतं. हाड पुरेसं निघालं तर खाली दोन बसवून घेईन. वरच्या कवळीला मात्र हात लावू देणार नाही.