बकचे दोन गाडीवान

जॅक लंडनच्या १९०३ सालच्या ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ या कादंबरीत बक कुत्र्याची स्लेज, म्हणजे कुत्र्यांनी ओढायची बर्फावरची गाडी, आधी पेरो आणि फ्रान्स्वा हाकतात, पुढे नवखा हॅल. पेरोकडे सरकारी टपाल, त्यामुळे घाई त्यालाही होतीच. पण पातळ बर्फावर तो स्वतः काठी घेऊन पुढे चालायचा. बकचे पाय सोलवटले, तर फ्रान्स्वा रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास ते चोळत बसे. स्वतःच्या बुटांचं वरचं चामडं कापून त्याने बकच्या चारही पायांना पायताण शिवलं! तेवढ्यासाठीच मला तो फार जवळचा वाटतो. हॅलकडे १४ कुत्री, पण त्यांना पुरेल एवढं अन्न गाडीत मावेना. आधी दुप्पट खाऊ घातलं, मग उपाशी ठेवलं. बर्फ फुटेल असं वाटेत भेटलेल्या जॉन थॉर्नटनने बजावूनही हॅल गोठलेल्या नदीवर उतरलाच.