सहा महिने, 5,200 मैल आणि डावीकडचं मागचं चाक

मार्चमध्ये घेतलेल्या आमच्या 26 फुटी ट्रेलरबद्दल, म्हणजे पिकअपमागे ओढायच्या फिरत्या घराबद्दल, मी जूनमध्येच लिहायला बसले होते. तेव्हा नुसतं कौतुक लिहिलं असतं. ते राहून गेलं हे बरंच झालं, कारण जुलैत साउथ डकोटात, मिसुरी नदी ओलांडून चेंबरलेनच्या पुढे गेल्यावर, आय-90 महामार्गावर ट्रेलरचा डावीकडचा मागचा टायर फुटला आणि माझं मत बदललं. परत आल्यावर ते पुन्हा एकदा बदललं.

आतल्या सोयींबद्दल तुम्ही सगळीकडे वाचलं असेल, म्हणून थोडक्यात सांगते. मुलांचे बंक उत्तम. स्लाइड-आउट, म्हणजे मुक्कामाला बाहेर सरकणारा भाग, एकदाही अडकला नाही. भर दुपारी एसी कमी पडतो. मला बोलायचंय ते वजनाबद्दल.

सहलीची आखणी मी केली, गाडी नवऱ्याने चालवली. आम्ही दोघं, दोन मुलं आणि अप्पा, म्हणजे माझे सासरे. पिकअप 9,000 पाउंड ओढते, असं विकणाऱ्याने दहादा सांगितलं होतं. पण ओढायची क्षमता संपायच्या कितीतरी आधी पेलोड, म्हणजे पिकअपने स्वतःवर पेलायचं वजन, संपतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा पिवळा स्टिकर वाचा. आमच्या स्टिकरवर 1,740 पाउंड लिहिलंय. पाच माणसांचे 620, ट्रेलर हिचवर, म्हणजे पिकअपच्या मागच्या जोडणीवर, टाकतो ते टंग वेट 860, ते वजन चाकांवर वाटून देणाऱ्या वेट डिस्ट्रिब्युशन हिचचे 95. उरले 165, आणि त्यात पाच माणसांचं पिकअपच्या मागे टाकायचं सामान. हा हिशोब कागदावर मांडला त्या रात्री आम्ही दोन सायकली आणि घडीचं टेबल घरीच ठेवायचं ठरवलं. मुलं रुसली. तरी तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

निघायच्या आधी ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर पाण्याच्या टाकीसकट सगळं भरून वजन केलं. ट्रेलर 6,780 पाउंड, मर्यादा 7,000. टंग वेट एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के असावं लागतं. त्याहून कमी असेल तर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. आमचं पावणेतेरा टक्के होतं. पावती फोल्डरमध्ये लावली आणि मी निर्धास्त झाले.

अप्पा नव्हते झाले. दर थांब्याला ते खाली उतरायचे आणि चारही टायरांवर, मग हबवर, म्हणजे चाकाच्या मधोमध, हाताची मागची बाजू टेकवायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "अगं, डावीकडचं मागचं चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागतंय." आम्ही हवा तपासली, 50 पीएसआय बरोबर होती. त्या बाजूला ऊन लागत असेल, असं मी म्हणाले. दुसऱ्या दिवशीही ते तेच म्हणाले. तिसऱ्या दिवशी टायर फुटला.

पुढच्या मुक्कामाला पाण्याची जोडणी नव्हती, म्हणून त्या सकाळी टाकी पूर्ण भरली होती. 40 गॅलन, गॅलनला 8.34 पाउंड, म्हणजे सव्वातीनशे पाउंडांहून जास्त पाणी. साउथ डकोटात आय-90 वर वेगमर्यादा ताशी 80 मैल आहे. आम्ही 70 ने जात होतो आणि सगळे आम्हाला मागे टाकत होते. पण ट्रेलरसाठीच्या खास एसटी टायरवर वेगाचं अक्षर छापलेलं नसेल तर तो 65 पर्यंतच धरायचा असतो. हे मला माहीत होतं. मी बोलले नाही, कारण आरक्षणाची वेळ डोक्यात होती. याची बोच अजून गेलेली नाही.

टायरचा वरचा थर सुटला आणि फटके मारत त्याने चाकावरचा पत्रा आणि खालचा एक पाइप फाडला. कोणाला काही झालं नाही. जॅक लहान पडला. अप्पांनी त्याच बाजूच्या पुढच्या चाकाखाली लेव्हलिंगचे लाकडी ठोकळे रचायला सांगितले आणि नवऱ्याने ट्रेलर हळूच त्यावर चढवला. फुटलेलं चाक आपोआप जमिनीपासून सुटलं. दोन ॲक्सलच्या ट्रेलरला ही युक्ती चालते, ठोकळे जवळ ठेवा. स्पेअर लावल्यावर 10, 25 आणि 50 मैलांना थांबून नट पुन्हा आवळले.

पुढे पाणी रिकामं, वेग 60, रॅपिड सिटीत तसाच एक नवा टायर. बिगहॉर्न डोंगर ओलांडायला 14ए रस्त्याऐवजी यूएस-16 घेतला, कारण 14ए वर 10 टक्क्यांचा उतार आहे. ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये गोइंग-टू-द-सन रोडच्या मधल्या टप्प्यावर 21 फुटांहून लांब वाहन नेता येत नाही, म्हणून ट्रेलर तळावर ठेवून नुसत्या पिकअपने गेलो. यलोस्टोनला मुलांना बायसन दिसले. सहल सुंदर झाली, पण प्रत्येक थांब्याला माझी नजर त्या चाकाकडे जायची.

परत आल्यावर डीलरशी भांडण सुरू झालं. चार फोन झाले. ट्रेलर बनवणारे म्हणाले, टायरची वॉरंटी टायरवाल्यांची. टायरवाले म्हणाले, वजन जास्त झालं असणार. मी काट्याची पावती पाठवली: 6,780, मर्यादेच्या आत. स्वस्त टायर लावून लोकांना रस्त्यावर आणलंत, असं मी स्पष्ट सांगितलं. त्या आठवड्यात हे लिहिलं असतं तर एकच तारा दिला असता.

मग एका गृहस्थांकडे ट्रेलर नेला. ते प्रत्येक चाकाखाली वेगळा काटा ठेवून वजन करून देतात. सामान सहलीसारखंच भरलं, पाणीही भरलं. उजवीकडे दोन्ही चाकांवर प्रत्येकी 1,260 पाउंड. डावीकडे पुढे 1,560. डावीकडे मागे 1,840. आमच्या 14 इंची टायरची क्षमता 50 पीएसआयला 1,760 आहे. म्हणजे मोठ्या काट्याची पावती खरी होती आणि तो डावीकडचा मागचा टायर ओव्हरलोडही होता. स्लाइड-आउट डावीकडे, स्वयंपाकाचा ओटा डावीकडे, पाण्याची टाकी डावीकडे ॲक्सलच्या मागे, आणि त्याच बाजूच्या बंकखाली मी हत्यारांची पेटी, होज, साखळ्या, सगळं जड सामान कोंबलं होतं, कारण तो कप्पा सर्वांत मोठा होता.

त्यामुळे टायरवाल्यांवरचा माझा राग ओसरला. विकणाऱ्यांवरचा नाही. सगळ्या जड वस्तू एका बाजूला असलेल्या ट्रेलरला इतक्या काठावरचा टायर लावायचा आणि ग्राहकाला नुसती एकूण मर्यादा सांगायची, हे मला पटत नाही. एका बाजूला जास्त वजन येतं, हे त्यांनी सांगायला हवं होतं.

चारही टायर बदलून लोड रेंज डी, म्हणजे जास्त भार पेलणारे, घेतले. 65 पीएसआयला ते 2,040 पाउंड पेलतात. आधी रिमवर छापलेला दाब पाहा, प्रत्येक रिमला 65 चालत नाही. टायरवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडेही वाचा, पहिले दोन तो बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. जड सामान डावीकडून उजवीकडे हलवलं. पुढे-मागे मुद्दाम हलवलं नाही, नाहीतर टंग वेट बिघडलं असतं. पाणी आता पाव टाकीच, उरलेलं मुक्कामाच्या जवळ पोचल्यावर. पुन्हा वजन केलं तेव्हा ते चाक 1,540 वर आलं होतं.

सप्टेंबरमध्ये दोन दिवसांसाठी बाहेर पडलो. अप्पांना लेझर थर्मामीटर आणून दिला होता. त्यांनी तो वापरला, आकडे वहीत लिहिले, आणि मग हातही टेकवला. चारही टायर सारखेच गरम होते.

स्पेअर अजून जुन्या क्षमतेचा आहे. पुढच्या सहलीआधी तोही बदलणार आहोत. फाटलेला पत्रा डीलर स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करणार म्हणालेत, तारीख मात्र अजून दिलेली नाही.