दशव्हो घेताय? रंग नका बघू, चासीच्या आत बघा (फसवणुकीचा अनुभव)

फ्रान्समधल्या आपल्या मंडळींना सध्या जुन्या सित्रोएन टू सीव्ही गाडीचं (हीच दशव्हो) नाहीतर रेनॉ ४चं वेड लागलंय. टुलूजच्या आमच्या मराठी ग्रुपमध्येच दोघातिघांनी मला विचारलं की कुठली घेऊ, केवढ्याला घेऊ, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतेय. मला एका माणसाने १२,५०० युरोला गंजलेली गाडी ‘नवी चासी (म्हणजे खालचा सांगाडा) बसवलेली’ म्हणून विकली. त्याने ते इतक्या पद्धतशीरपणे केलं की गाड्यांमधलं कळणाऱ्या माणसालाही घराखाली आणेपर्यंत पत्ता लागू नये. माझ्या बाबांचं सांगलीत गॅरेज होतं, मी लहानपणापासून पाने हातात घेऊन वाढलेय, म्हणजे अगदीच अडाणी गिऱ्हाईक नव्हते.

आधी गाडीबद्दल थोडं, कारण फसवणूक समजायला गाडी समजायला लागते. टू सीव्हीला इथे सगळे दशव्होच म्हणतात. १९४८च्या पॅरिस सलोंमध्ये, म्हणजे मोटारींच्या प्रदर्शनात, ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि जुलै १९९० मध्ये पोर्तुगालमधल्या मांगुआल्दे कारखान्यातून शेवटची बाहेर पडली, नुसत्या प्रवासी गाड्याच अडतीस लाखांवर बनल्या. शेतकऱ्यासाठी काढलेली गाडी, दोन माणसं आणि पन्नास किलो बटाटे घेऊन कच्च्या रस्त्याने जायचं आणि नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतली अंडी फुटायची नाहीत अशी मूळ मागणी होती. माझी १९८४ची, ६०२ सीसी, दोन सिलिंडर, हवेवर थंड होणारं इंजिन, त्यामुळे रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, होज पाइप नाहीत, डिस्ट्रिब्युटरसुद्धा नाही, एकच कॉइल दोन्ही प्लगना एकदम स्पार्क देते. टॅपेटची गॅप थंड इंजिनवर ०.२० मिलिमीटर ठेवायची, पॉइंट साफ करायचे, वेळच्या वेळी ऑइल बदलायचं, इंजिन कुरकुर करत नाही. डॅशबोर्डमधून बाहेर आलेली गिअरची दांडी म्हणजे छत्रीची मूठच, ती ओढायची, ढकलायची, वळवायची. सीटा उचलून बाहेर काढता येतात, उन्हाळ्यात छत गुंडाळून मागे टाकायचं आणि कालव्याच्या कडेने प्लेन नावाच्या झाडांखालून निघायचं, वळणावर गाडी अशी काही कलते की शेजारचा दरवाजा धरून बसतो, पण चाकं रस्ता सोडत नाहीत. मला ही गाडी मनापासून आवडते आणि एवढं सगळं होऊनही आवडतेच.

आता मुद्दा. दशव्होचे मडगार्ड मोजक्या बोल्टवर बसलेत, बॉनेट सरकवून निघतं, दारं बिजागरीतून वर सरकवून काढता येतात, आणि यातलं झाडून सगळं आजही नवंकोरं विकत मिळतं. म्हणजे वरची गाडी चकाचक करणं हे थोडे पैसे आणि काही शनिवार-रविवार एवढंच काम. पण खाली जी चासी आहे ती पातळ पत्र्याची पोकळ पेटी आहे, पाणी आत शिरतं, आतून गंज लागतो, आणि बाहेरून दिसेपर्यंत आतला पत्रा खाल्लेला असतो. गाडीचा सगळा जीव तिथे, आणि तेच नेमकं डोळ्यांना दिसत नाही. मला गाडी विकणाऱ्याने याच गोष्टीवर धंदा उभा केलाय.

जाहिरात होती शार्लस्टनची, म्हणजे दशव्होच्याच एका खास मॉडेलची, मरून आणि काळ्या रंगाची, दशव्होमध्ये तिला जास्त भाव मिळतो. ‘पूर्ण रिस्टोअर केलेली, नवी गॅल्व्हनाइज्ड चासी, बिलासकट’ असं लिहिलेलं, गॅल्व्हनाइज्ड म्हणजे गंजू नये म्हणून जस्ताचा थर दिलेली. खालून काढलेले फोटोसुद्धा टाकलेले, चांदीसारखी चमकणारी चासी. माणूस आल्बीच्या पुढे डोंगरातल्या एका गावात राहतो, वयाने साठीच्या आसपास, बोलायला अतिशय गोड. आम्ही गेलो तर बायकोने कॉफी आणली, घरी केलेला केक आणला, माझ्या मुलीला पुढच्या सीटवर बसवून हॉर्न वाजवू दिला. म्हणाला वडिलांची गाडी आहे, गुडघ्यांमुळे क्लच दाबवत नाही, चांगल्या घरी जावी एवढीच इच्छा. असं कुणी म्हणालं की आपण पुढचा प्रश्न जरा हळू आवाजात विचारतो, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मी टॉर्च घेऊन गाडीखाली गेले. खाली जाड काळं अंडरकोटिंग, म्हणजे तळाला मारतात तो संरक्षक थर, अगदी ताजं, मधेमधे जिथे ते नव्हतं तिथे करडी चांदीची झाक. ठोकून बघितलं तर भरीव आवाज. स्क्रू ड्रायव्हर काढला तसा तो लगेच खाली वाकला, म्हणाला, मादाम, प्लीज, आत्ताच कोट मारलाय, ओरखडा पडला तर तिथूनच पाणी जाईल. मग फाइल आणली. त्यात गॅल्व्हनाइज्ड चासीचं बिल, त्याच्याच नावाचं, खऱ्या दुकानाचं, शिक्का वगैरे सगळं. वर दोन आठवड्यांपूर्वीचा काँत्रोल तेक्निक, म्हणजे आपल्याकडचं पासिंग म्हणा, किरकोळ दोष सोडले तर पास. चालवून बघितली, इंजिन छान, गिअर छान. पैसे बँकेच्या चेकने दिले आणि गाडी घरी आणली.

ग्रीसिंगच्या दिवशी सगळं बाहेर आलं. दशव्होच्या पुढच्या चाकांच्या किंगपिनना, म्हणजे चाक ज्यांच्यावर वळतं त्या पिनांना, नियमित ग्रीस लागतं, न दिल्यास त्या झिजून स्टिअरिंग जड होतं, त्यामुळे मी मागचं-पुढचं सगळंच एकदा करून घेऊ म्हणून जॅक लावला. जॅक वर जायला लागला, पण गाडी काही वर जाईना. मग करकर असा आवाज, काळ्या कोटिंगची साल फाटली आणि जॅकचं डोकं सरळ चासीच्या पोटात गेलं. गाडी खाली घेतली, नीट स्टँड लावले आणि ते काळं खरवडायला सुरुवात केली. खाली एक पातळ पत्र्याची पट्टी, पॉप रिव्हेट मारून बसवलेली, कडेने सिलिकॉन. पट्टी पान्याने उचकटली तर आत पिवळा फोम, खिडक्यांच्या चौकटीत मारतात तोच, ओलाचिंब, दाबला की तपकिरी पाणी गळत होतं. फोमच्या वर मूळ चासी म्हणजे पापडासारखे थरच्या थर, बोटाने ओढले की हातात येत होते. आणि ती चांदीची झाक? डब्यातला झिंक स्प्रे, वरून मारलेला.

बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी फोन जवळ घ्यायला लावला, थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, “अगं, हे गंज झाकायला केलेलं काम नाही, विकायला केलेलं काम आहे. वापरायची असती तर त्याने फोम नसता भरला, फोम पाणी धरून ठेवतो हे शेंबड्या पोरालाही कळतं.” तो भरीव आवाज कुठून आला तेही तेव्हा कळलं, पोकळ पेटीत फोम आणि वर डांबराचा जाड थर.

तिथेच थांबलं असतं तरी एक वेळ ठीक होतं, पण ब्रेकचंही तसंच. १९८१ पासून दशव्होला पुढे डिस्क ब्रेक आले आणि त्यात एलएचएम नावाचं हिरवं मिनरल तेल लागतं, नेहमीचं ब्रेक ऑइल अजिबात चालत नाही, कारण आतली रबरी सीलं त्या तेलासाठी बनलेलीच नाहीत, ती फुगतात. माझ्या टाकीतलं तेल वरवर हिरवट होतं, पण सिरिंजने खालचं काढलं तर पिवळसर, म्हणजे आधी नेहमीचं ब्रेक ऑइल ओतलेलं आणि वर रंग दिसण्यापुरतं हिरवं. काही दिवसांत ब्रेक धरून राहायला लागले. मास्टर सिलिंडर, कॅलिपर, मागचे सिलिंडर, सगळी सीलं, सगळं बदलायला लागलं. माझी मुलगी त्या गाडीत बसत होती, हे मनात आलं की अजून हात थरथरतात. पैशाचं एक वेळ सोडा, पण ब्रेकमध्ये असली लबाडी करणाऱ्याला माणूस कसं म्हणायचं.

आणि शार्लस्टनसुद्धा शार्लस्टन नव्हतीच. मागची सीट काढून खालचा रंग थोडा घासला तर आत फिकट निळा. साधी गाडी होती, वरून मरून-काळी केलेली.

आता त्या बिलाचं. मला वाटलं होतं बिल खोटं असेल, तर नाही, बिल अगदी खरं आहे. दुकानात फोन केला तर त्यांनी नंबर बघून सांगितलं की हो, ही चासी आम्ही या गृहस्थांना विकलीय. फक्त ती माझ्या गाडीखाली कधी बसलीच नाही. त्याने एक चासी खरोखर घेतली, कुठल्या तरी एका गाडीला लावली, आणि तेच बिल प्रत्येक गाडीच्या फाइलमध्ये घालतोय. बिलावर त्याचं नाव आहे पण गाडीचा नंबर नाही, चासी नंबर नाही, काहीच नाही. त्यामुळे कुणी जुन्या गाडीबरोबर बिलं दाखवली तर पहिल्यांदा हे बघा की त्या बिलावर त्या गाडीचा नंबर आहे का. पार्टचं बिल वेगळं आणि बसवल्याचं बिल वेगळं. चासी बदलणं म्हणजे पूर्ण बॉडी उचलायची, असं काम ज्याने केलंय त्याच्याकडे बॉडी बाजूला काढलेली, खाली नवी चासी असे फोटो हमखास असतात, आणि फोटोत तीच बॉडी दिसली पाहिजे.

खरी गॅल्व्हनाइज्ड चासी ओळखायला सोपी आहे. ती वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात, त्यामुळे जस्त आतूनही लागतं. फोनला जोडायचा छोटा एंडोस्कोप कॅमेरा वीस-तीस युरोला मिळतो, चासीच्या कुठल्याही भोकातून आत घाला. आत करडं दिसलं तर ठीक, तपकिरी दिसलं तर बाहेर कितीही चांदी असू दे, तो स्प्रे आहे. आत फोम दिसला तर सरळ उठा आणि घरी या, कॉफी राहू दे. कॅमेरा घालू देत नसेल तर तेही उत्तरच आहे. दाराच्या फटी बघा, वर आणि खाली सारख्या नसतील तर चासी मधून वाकलेली असते. मॅग्नेट बरोबर ठेवा, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी. ब्रेकच्या टाकीतलं तेल तळातून सिरिंजने काढून बघा. आणि नुसत्या काँत्रोल तेक्निकवर विसंबू नका. तिथला माणूस काहीही न खोलता, बघून तपासतो, अंडरकोटिंगच्या आत काय आहे ते शोधणं त्याचं कामच नाही. रेनॉ ४ घेणाऱ्यांनीही खालचा सांगाडा असाच बघावा, गंजाच्या बाबतीत ती काही वेगळी नाही. हिस्टोव्हेक या सरकारी साइटवरचा गाडीचा इतिहास फुकट मिळतो, विकणाऱ्याकडून त्याची लिंक मागून घ्या. माझ्या गाडीच्या बाबतीत तो मी नंतर मागवून घेतला तर ‘वडिलांची गाडी’ जेमतेम वर्षभर त्याच्या नावावर होती.

कायद्याचं सांगायचं तर फ्रान्सच्या सिव्हिल कोडमधलं कलम १६४१ लपलेल्या दोषांबद्दल आहे, दोष सापडल्यापासून दोन वर्षांत दावा करावा लागतो. ‘आहे तशी विकली’ असं कागदावर लिहून घेतलेलं असलं तरी त्याला दोष माहीत होता हे दाखवता आलं तर ते वाक्य त्याच्या कामी येत नाही. म्हणून काही सापडलं की लगेच दुरुस्तीला लागू नका. आहे त्या स्थितीत फोटो काढा, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, मेसेज, सगळं जपून ठेवा, पोचपावतीसह रजिस्टर्ड पत्र पाठवा. विम्यात कायदेशीर मदतीचं कलम आहे का बघा, माझ्या घराच्या विम्यात होतं, त्यातूनच गाडी तपासून रिपोर्ट देणाऱ्या एक्स्पर्टचा खर्च निघाला. न्यायालयाचा कोन्सिलियातर असतो, तो फुकट मध्यस्थी करतो. आमच्या केसमध्ये त्या माणसाने मध्यस्थासमोर यायलाच नकार दिला, आता प्रकरण कोर्टात आहे. एक्स्पर्टच्या रिपोर्टमध्ये पट्ट्या आणि फोम ‘झाकण्याच्या हेतूने’ असं स्पष्ट लिहिलंय. वकीलबाई म्हणतात की तो नियमित गाड्या विकतो हे सिद्ध झालं तर कोर्ट त्याला धंदेवाईक विक्रेता धरेल, आणि धंदेवाईकाला दोष माहीत होता असंच गृहीत धरतात.

आणि तो नियमित विकतो हे मला आता नक्की माहीत आहे. गेल्याच आठवड्यात नवीन जाहिरात आलीय, हिरवी दशव्हो, ‘वडिलांची गाडी, नवी गॅल्व्हनाइज्ड चासी, बिलासकट’. बिलाचा फोटो तोच, उजव्या कोपऱ्यात कॉफीच्या कपाचा गोल डाग आहे तोच. स्क्रीनशॉट वकिलांकडे दिलाय. कोर्टात प्रकरण असल्यामुळे नाव इथे लिहिता येत नाही, पण टुलूज, आल्बी, कास्त्र या भागात कुणी गाडी बघायला जाणार असाल तर आधी मला जाहिरातीची लिंक पाठवा, मी पाच मिनिटांत सांगते तोच आहे की नाही.