जपानी मॅपलचं रोप ऑनलाईन मागवलं, भुसावळात दोन उन्हाळे काढले, त्याचा रिव्ह्यू

रोपाला पाच स्टार, पण विकणाऱ्याने जे लिहिलं होतं त्याला एक, म्हणून मधले तीन देतोय.

मागच्या जानेवारीच्या आधीच्या जानेवारीत मागवलं होतं, १४५० रुपये, कुरिअर वेगळं. पॅकिंग मात्र मनापासून केलेलं, मुळांना ओलं मॉस, खोडाला पुठ्ठ्याचा आधार, सहा दिवस प्रवास करूनही एक काडी मोडली नव्हती. कलमाची गाठ स्पष्ट दिसत होती, तुम्हीही ती बघूनच घ्या आणि गाठीच्या खालून फुटवा आला की लगेच खुडा, नाहीतर खालचं झाड जोर धरतं आणि वरचं कलम मागे पडतं.

फेब्रुवारी संपता संपता पानं फुटली. नवीन पान मिटलेल्या छत्रीसारखं खाली लोंबत असतं, मग एकेक बोट सुटत जातं, सात बोटं, कडेला करवतीसारखे बारीक दात आणि रंग कोकम सरबताचा. रोज सकाळी चहा घेऊन तिथेच उभा राहायचो.

आता तक्रार. वर्णनात लिहिलेलं, "फुल ऊन, पूर्ण भारतात चालतं". अहो आमच्याकडे मे मध्ये पारा ४५ च्या पुढे जातो! एप्रिलमध्ये गच्चीवर ठेवलं तर चार दिवसात पानांच्या कडा करपलेल्या पापडासारख्या, हात लावला की चुरा. फोन केला तर म्हणे पाणी वाढवा, मी वाढवलं आणि अजून बिघडलं, कारण कोरड्या गरम वाऱ्यात पानातून पाणी इतकं भराभर उडतं की मुळं तेवढं पुरवूच शकत नाहीत, आणि माती सतत चिखल राहिली की मुळं गुदमरतात ते वेगळंच.

वाचवलं ते रावेरच्या मामांनी. त्यांची केळी आहे, म्हणाले, "केळीला वाऱ्यासाठी शेवरी लावतो ना आपण, तसा आडोसा कर याला." मग पूर्वेच्या गॅलरीत आणलं, नऊपर्यंतच ऊन, पश्चिमेला ७५ टक्क्यांची हिरवी नेट. मातीची कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत वाळू भरली, ती ओली ठेवली की आतली कुंडी गार राहते. वरून भुईमुगाच्या टरफलांचा तीन बोटं थर. शेतातली काळी माती अजिबात घालू नका, ओली झाली की चिकटते, सुकली की भेगा पडतात. मी धुतलेलं कोकोपीट, परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे), जाड वाळू आणि थोडं शेणखत घेतलं. मुळं उथळ असतात म्हणून कुंडी खोलीपेक्षा रुंद बघा, खताला उन्हाळ्यात सुट्टी.

पाण्याचं कोणीच सांगत नाही. बोअरचं पाणी जड, मातीवर पांढरा थर आला आणि पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, कारण या झाडाला किंचित आम्ल माती लागते आणि जड पाण्याने ती तशी राहत नाही. आता पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवतो, एसीच्या नळीखाली बादली ठेवतो. दोन महिन्यात नवीन पानं नीट आली.

फोटोतला लालभडक रंग मात्र इथे मिळणार नाही हे आधीच समजून घ्या. त्या रंगाला गार रात्री लागतात, आणि झाडाला मग कित्येक आठवडे थंडीची झोप लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात लाल पान हिरवट तपकिरी होतं आणि जानेवारीपर्यंत रेंगाळून गळतं.

आणि बियांच्या नादी लागू नका. निळ्या मॅपलच्या म्हणून पाकीट विकतात, निळं मॅपल नसतंच! खऱ्या बीला पंख असतो, आणि उगवायच्या आधी ती ओल्या वाळूत फ्रिजमध्ये साधारण तीन महिने ठेवावी लागते.

पूर्वेची सावलीची जागा असेल आणि मे मध्ये गावाला गेल्यावर पाणी घालायला घरात कोणी असेल तरच घ्या. मागवायचं ते डिसेंबर-जानेवारीतच, पानं नसताना, एप्रिलमध्ये निघालेलं रोप गाडीतच शिजतं.